होम सायन्सला गेलेला आचाऱ्याचा मुलगा

बाबा,

आज कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. दरवर्षी या दिवशी ऑफिस प्रत्येक विभागाकडून एक कागद मागतं. त्यावर दोनच रकाने असतात, मुले आणि मुली. मी गृहविज्ञान शिकवायला लागल्यापासून मुलांच्या रकान्यात शून्य काढत आलोय. मधे एक वर्ष असं गेलं की एक लिहिला आणि आठवड्याभरात तो मुलगा आयटीआयला निघून गेला, म्हणून खोडून परत शून्य केलं. आज मी तिथं दोन लिहिले. शेजारच्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सचे सर बसले होते, त्यांच्या कागदावर मुलींच्या रकान्यात तीन होते. माझा कागद वाचून म्हणाले, "चहा पाजा सर, तुमचा विभाग वाढून राहिला." आम्ही दोघं हसलो. चहाही पाजला. पण घरी येईपर्यंत तो दोनचा आकडा डोक्यातून गेला नाही, आणि जेवण झाल्यावर मी हे लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. तुम्हाला वाचता बेताचंच यायचं, त्यामुळे मोठ्या अक्षरात लिहितोय. सवय म्हणा.

तुम्ही लग्नाचे आचारी. इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत आपल्या दोन खोल्या होत्या आणि बाहेर एक लाकडी बाक. तुळशीचं लग्न लागलं की लोक काम ठरवायला नारळ घेऊन त्या बाकावर येऊन बसायचे. तुम्ही विचारायचे, "पान किती?" समोरचा म्हणायचा, पाचशे. तुम्ही डोळे मिटायचे, आणि मग बोटांवर मोजत सांगायला लागायचे, तांदूळ इतका, तुरीची डाळ इतकी, वांगे इतके, आलू इतके, तेलाचे डबे इतके. लिहून घेणारा थकायचा, तुम्ही थकायचे नाही. हातगाडीवर गंज, पराती, कढया रचल्या जायच्या. दोऱ्यांनी बांधलेला तो भांड्यांचा डोंगर गल्लीतून हलत हलत जायचा आणि तुम्ही पांढरा सदरा घालून त्याच्या मागं चालायचे. तुमच्या हाताखाली सात-आठ माणसं होती, सगळी बाप्ये. भाजी चिरणारे बाप्ये, पुऱ्या लाटणारे बाप्ये, मसाला वाटणारेही बाप्येच. लहानपणी मला वाटायचं की स्वयंपाक हे मोठ्या, दणकट माणसांचं काम आहे आणि बायका घरी करतात ती त्याची लहानशी तालीम.

आणि घरी तुम्ही पाण्याचा गिलासही स्वतः घेत नव्हते. आईला एकदा टायफॉइड झाला होता, तेव्हा मी सातवीत असेन. तिसऱ्या दिवशी शेजारची काकू आली नाही म्हणून तुम्ही स्वतः चुलीपाशी, म्हणजे तोवर गॅस आला होता आपल्याकडे, गॅसपाशी उभे राहिलात. हजार माणसांना जेवू घालणारा माणूस त्या चार हातांच्या ओट्यासमोर हरवल्यासारखा उभा होता. "मीठ कुठं ठेवलं वं?" तुम्ही विचारलं. आई अंथरुणातून म्हणाली, "डाव्या हाताले. वीस वर्षं झाले, तिथंच हाय." तुम्ही तीन माणसांची खिचडी टाकलीत आणि ती बारा माणसांना पुरली. लहान मापात तुमचा हात चालतच नव्हता. ती खिचडी गल्लीत वाटली, आणि त्या दिवशी आई आजारपणात पहिल्यांदा हसली.

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात कामठीचं ते लग्न आलं. मी त्या दिवशी घरीच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या हाताखालचा एक माणूस सायकलवर आला आणि आईला सांगायला लागला की पंगत उठल्यावर दोन तासांत लोकांना उलट्या सुरू झाल्या, पन्नासेक माणसं दवाखान्यात आहेत, नवरीच्या आजोबांना सलाईन लावली आहे. तुम्ही दुपारी आले. सदरा फाटलेला होता. कोणी फाडला, तुम्ही सांगितलं नाही. सगळे लोक वाचले, आजोबासुद्धा वाचले, पण त्या मोसमाचे तुमचे पुढचे तीन नारळ लोक येऊन परत घेऊन गेले. एकानं तर बाकावर न बसता, उभ्या उभ्याच परत मागितला. तुम्ही रोज सकाळी उठून झारे आणि सराटे चिंचेनं घासायचे, वापरलेले नसतानाही, आणि तेच तेच म्हणायचे, "खवा खराब होता. खव्यानंच घात केला." खवेवाले काका तुमचे लहानपणचे दोस्त. एकाच शाळेतून दोघं पळून आलेले. तुम्ही भर बाजारात त्यांच्या दुकानासमोर जाऊन त्यांना बोललात आणि त्यानंतर ती गल्लीच टाकली. दुसऱ्या रस्त्यानं फेरा घालून जायचे. काका एवढंच म्हणत होते, "माह्या खवा ताजा होता गा." तुम्ही ऐकलं नाही.

मला मात्र चैन पडत नव्हतं. खवा खराब नव्हता तर काय खराब होतं? आणि खराब झालं तर ते तुमच्या नाकाला कसं कळलं नाही, जे नाक झाकणाआडून सांगायचं की वरणाला फोडणी कमी पडली? मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, अन्न का बिघडतं याचं मोठं शास्त्र आहे, होम सायन्सला शिकवतात. मग हसले. "पण तिथं पोरीच असतात बाबू." आपल्या गल्लीतलं ठरलेलंच होतं. पोरगा असेल तर आयटीआय, नाहीतर डिप्लोमा, नाहीतर बी.कॉम. आणि मग मामासारखं हिंगण्याच्या एमआयडीसीत कुठंतरी चिकटायचं. पोरगी असेल तर बी.ए., होम इकॉनॉमिक्स, नाहीतर डी.एड. कोणी हे भिंतीवर लिहून ठेवलं नव्हतं, पण कोणी चुकतही नव्हतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी माझ्या वर्गात गणितात पहिली यायची, ती होम इकॉनॉमिक्सला गेली. तिला गणित सोडवायचं होतं आणि मला अन्न का बिघडतं ते समजून घ्यायचं होतं. तेव्हा मला ते एकत्र दिसलं नाही, आता दिसतं.

फॉर्म द्यायला गेलो तर खिडकीतले बाबू म्हणाले, "चुकला तू. फिजिक्स-केमिस्ट्रीची रांग तिकडं हाय."

मी म्हटलं, "होम सायन्सचाच आहे."

"ते पोरींचं होय."

"नियम आहे का?"

त्यांनी चष्मा वर केला. "नियम नाही. पण कोणी येत नाही ना." आणि शिक्का मारला.

पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बाई आल्या, आमच्या विभागप्रमुख, पांढऱ्या सुती साडीतल्या, आवाज चढवायची गरज न पडणाऱ्या. म्हणाल्या, "समोर बस. मागं बसलास तर ह्या सगळ्या दिवसभर वळून बघतील." मी समोर बसलो आणि तीन वर्षं तिथंच बसलो. हजेरीच्या वहीत सगळ्या नावांपुढं 'कु.' छापलेलं होतं, माझ्याही पुढं. बाबूंना दुरुस्ती करायला सांगितलं तर म्हणाले, कु. म्हणजे कुमारही होते, राहू दे. प्राध्यापक वर्गात आल्या की "मुलींनो" म्हणायच्या, मग मला बघून थांबायच्या, मग तसंच पुढं जायच्या. मुली पहिला महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत आणि नंतर इतक्या बोलल्या की मला अभ्यासाला वेळ पुरेना. शिवणकामाच्या प्रात्यक्षिकात माझी सुई बोटात घुसायची, आणि शेजारची मुलगी न बोलता माझं कापड ओढून घ्यायची आणि दोन टाके घालून परत द्यायची.

तुम्हाला मी सांगितलं, बी.एस्सी.ला लागलो. खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. तुम्ही बाकावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "पोरगा बी.एस्सी. करून राहिला." कोणी विचारलं कशात, तर म्हणायचे, केमिस्ट्रीत असन. त्या वर्षी नारळ हळूहळू परत यायला लागले होते, आणि तुम्ही माझं शिक्षण असं सांगायचे जसा एखादा माणूस घराला नवा रंग दिला हे सांगतो. आईला मात्र कळलं होतं. तिला माझ्या गादीखाली शिवणकामाचा नमुना सापडला, चुण्या घातलेला लहान मुलीचा झबला. संध्याकाळी ती माझ्या शेजारी येऊन बसली, झबला उजेडात धरला आणि म्हणाली, "टाका ओढला जाऊन राहिला. सुई तिरपी घाल." मग तिनं उसवून दाखवलं. एवढंच. कोणाचा आहे, कशाला आहे, काही विचारलं नाही. त्या प्रात्यक्षिकात मला चांगले मार्क मिळाले.

तुम्हाला कळलं ते धरमपेठेतल्या एका साखरपुड्यात. तुम्ही चष्मा घरी विसरले होते आणि आईनं मला तो द्यायला पाठवलं. बंगल्याच्या मागं मांडव टाकला होता, भट्ट्या पेटल्या होत्या, तुम्ही पाटावर बसून कढीची चव बघत होते. मी चष्मा दिला आणि वळलो तर समोर माझ्या वर्गातली मुलगी. साखरपुडा तिच्याच बहिणीचा होता. ती आनंदानं म्हणाली, "अरे, तू कसा इथं?" आणि मग तिच्या आईला हाक मारून, "मम्मी, हा तोच. आमच्या होम सायन्सचा एकुलता एक मुलगा." पुऱ्या लाटणाऱ्या माणसाचा हात थांबला. कोणीतरी खाकरलं. मग भाजीवाला हसला, मग सगळेच. वाईट हेतूनं नाही, पण हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही चष्मा घातला आणि कढी ढवळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला बाकावर बसवलं नाही. घरात घेतलं आणि दार लोटलं.

"बी.एस्सी. म्हणून सांगत होता ना बे तू मले?"

"बी.एस्सी.च आहे बाबा."

"पोरींच्या घोळक्यात बसून झबले शिवाची बी.एस्सी.? माह्या माणसांसमोर मान खाली घालाले लावली तू."

आई चहा गाळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तरी काय करता मंग? वांगेच चिरता ना?"

"मी हजार पान उठवतो. ते बायांचं काम नाही होय."

"आन् घरी रोज जे उठते, ते कोणाचं होय?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. मला विचारलं, "काहून केलं तू हे?" तुम्ही थोडा वेळ वाट बघितली. तेवढी वाट तुम्ही कोणासाठी बघत नसायचे, हे मला कळत होतं, तरीही माझं तोंड उघडलं नाही. मग तुम्ही चप्पल घातली आणि गेलात. दिवाळीनंतरची गोष्ट ही. होळी जवळ येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. "त्याले म्हणा, जेवाले बसाले," असं तुम्ही आईला सांगायचे आणि मी समोरच बसलेलो असायचो.

मग एका शनिवारी बाईंनी अन्नातल्या जंतूंचा धडा घेतला. भात शिजतो तेव्हा सगळं मरत नाही, त्या म्हणाल्या. काही जंतूंची बीजं उकळत्या पाण्यातही टिकतात. भात गरम असेपर्यंत गप्प बसतात आणि कोमट झाला की वाढायला लागतात. मोठा ढीग करून झाकून ठेवला तर आतला भात तासन् तास कोमट राहतो. वासही येत नाही, चवही बदलत नाही. मग कितीही वाफ द्या, त्यांनी सोडलेलं विष जात नाही. जेवल्यावर तासा-दोन तासांत उलट्या. मी वही मिटली. मला तुमची भात ठेवायची पद्धत दिसत होती, स्वच्छ धोतरावर रचलेला पांढरा डोंगर आणि वरून ओल्या फडक्याचं पांघरूण. किती सुरेख दिसायचा तो. तास संपल्यावर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या दिवसांनी खात्री कोणीच देणार नाही, पण भात किती वेळ ठेवला होता ते विचार.

मी घरी आलो तेव्हा तुम्ही बाकावर एकटेच होते, दुपारचे, सुपारी कातरत. मी शेजारी बसलो. तीन-साडेतीन महिन्यांनी.

"बाबा, कामठीले भात किती वाजता झाला होता?"

मला वाटलं तुम्ही उठून जाल. पण धंद्याचा प्रश्न होता. धंद्याच्या प्रश्नाला तुम्ही कोणालाही उत्तर द्यायचे.

"चारले. वरात सहाले येणार होती. आली साडेनवाले. बॅन्डवाल्यांनी घोळ केला."

"फडक्याखालीच होता?"

"मंग काय उघडा ठेवू? माह्या गुरूनं असाच ठेवला, त्याच्या गुरूनं असाच ठेवला."

मी बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. वहीतली भाषा सोडून, आपल्या भाषेत. तुम्ही सुपारी कातरायची थांबवली नाही. मी म्हटलं, "खात्री नाही बाबा. कदाचित खवाही असेल." तेव्हा अडकित्ता थांबला. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि तुम्ही जे बोललात ते मला नाही, स्वतःलाच बोललात.

"लेकरं," तुम्ही म्हणाले. "लेकरांनी तर भाताले हातही नाही लावला. गुलाबजामच खाऊन राहिले होते पोटभर. लेकराले एकाही नाही झाली उलटी."

तुम्ही उठलात, आत जाऊन धुतलेला सदरा घातला आणि निघालात. त्या दिवशी तुम्ही फेरा घालून गेला नाहीत. पुढचं मला खवेवाल्या काकांनी खूप नंतर सांगितलं, तुमच्या तेराव्याला. तुम्ही त्यांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलात. त्यांनी पाणी दिलं, तुम्ही प्यायलात. मग तुम्ही म्हणालात, "गुरुवारी दहा किलो लागन. ताजा देजो." काका म्हणाले, "नेहमी ताजाच देतो गा." तुम्ही म्हणालात, "माहीत हाय मले." आणि उठून आलात. काका हे सांगताना रडत होते आणि हसतही होते. म्हणाले, तुह्या बापाले माफी मागता येत नव्हती, पण दहा किलो खवा घेता येत होता.

त्यानंतर तुम्ही भात सगळ्यात शेवटी लावायला लागलात, लहान लहान गंजांत, पंगत बसेल तसा. तुमची माणसं कुरकुरली. "पोरगा शिकला तसं हाय ते," तुम्ही म्हणायचे. आणि एक दिवस जेवताना, मला थेट, आईच्या मार्फत नाही, विचारलंत, "तुमच्या कॉलेजात हजार पानांचं शिकवते का?" मी म्हटलं, पन्नासाचं शिकवतात, तेही कागदावर. तुम्हाला ते फार गमतीचं वाटलं. मी हे बाईंना सांगितलं आणि बाई म्हणाल्या, मग बाबांनाच बोलाव.

तुम्ही आलात. मला तो दिवस आत्ता समोर होत असल्यासारखा दिसतो. इस्त्रीचा सदरा, तेल लावून बसवलेले केस, नवी चप्पल दाराबाहेर काढून तुम्ही अनवाणी प्रयोगशाळेत येता. पन्नास मुली उभ्या राहतात आणि तुम्ही दचकून मागं बघता, कोण आलं म्हणून. बाई तुम्हाला तराजू देतात. तुम्ही तो बाजूला सारून म्हणता, "तराजू कशाले पाहिजे बाई? हात हाय ना." तुम्ही मिठाची एक मूठ काढून ठेवता. दुसरी. तिसरी. मुली प्रत्येक मूठ तोलून बघतात आणि एकमेकींकडे बघतात, काटा प्रत्येक वेळी त्याच आकड्यावर थांबतो. मग तुम्ही मोकळे होता. दोनशे पानांचं आलू-वांगं कसं मांडायचं, तेल किती तापलं की मोहरी टाकायची, वरणाचा गंज कोणत्या बाजूनं ढवळायचा, दीड तास बोलता. मी समोरच्या बाकावर बसून लिहून घेतोय. माझ्याच बापाचं व्याख्यान, आणि माझं अक्षर वाकडं येतंय.

शेवटी साखरपुड्याच्या घरची ती मुलगी उठली. "काका, तुमच्या भट्टीवर बाया काहून नाहीत?"

तुम्ही म्हणालात, "बाई, गंज उचलणं नाही होत बायांच्यानं."

"तुम्ही एकटे उचलता?"

"नाही. दोघं लागतात."

"मग आम्ही चौघी उचलू."

सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात, आणि मग हसणं थांबवून तुम्ही खरंच विचार करताय असं दिसलं. "येजो मंग," तुम्ही म्हणालात. "पण पहाटे चारले यावं लागन." ती आली नाही, तिच्या घरच्यांनी येऊ दिलं नसतं. पण पुढच्या मोसमात तुम्ही आपल्या गल्लीतल्या दोन बायकांना पुऱ्या लाटायला घेतलंत, आणि त्यातली एक तुमच्यानंतर स्वतः नारळ घ्यायला लागली. आता ती नाही, पण तिची सून तुमच्या त्याच सराट्यानं काम करते. तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून सांगतो.

मी पुढं एम.एस्सी. केलं, त्याच विभागात नोकरी लागली. बाईंनी निवृत्त होताना मला आपलं कपाट दिलं. तुम्ही लोकांना सांगायचे, "पोरगा अन्नाचा प्रोफेसर हाय." होम सायन्स हा शब्द तुम्ही कधीच उच्चारला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. शेवटच्या वर्षांत तुम्हाला साखरेचा आजार झाला तेव्हा मी तुमच्या ताटात वाटीनं मोजून भात वाढायचो. तुम्ही म्हणायचे, "जिंदगीभर मी लोकायले पोटभर वाढलं, आन् माह्याच पोरगा मले मोजून वाढून राहिला." पण ताट बाजूला सारलं नाही कधी. आईनं हळूच जास्त वाढलं तर आधी माझ्याकडे बघायचे, परवानगी मागितल्यासारखे. ते मला फार जड जायचं. आजही मी भाताची वाटी ताटात उपडी करताना क्षणभर थांबतो.

आता आजचं उरलेलं सांगतो. त्या दोन मुलांपैकी एकाचे वडील दुपारी माझ्या टेबलासमोर बसले होते. हिंगण्याला कारखान्यात आहेत, कंपनीची निळी पँट तशीच अंगावर, पाळी संपवून सरळ आलेले. मुलगा शेजारी मान खाली घालून. वडील म्हणाले, "सर, याले काय सुचलं काय माहीत. मार्क चांगले हाय, डिप्लोमा मिळते. घेऊ देऊ का हे? लोक हसतीन." मी त्यांना नोकऱ्यांचं सांगितलं, दवाखाने, अन्नप्रक्रियेचे कारखाने, शाळांचा पोषण आहार. ते ऐकत होते, पण त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं. शेवटी विचारलंच. "तुम्ही कसे आले सर, या लाइनीत?"

आणि मी म्हणालो, "दुसरीकडे नंबर लागला नाही."

माझ्या तोंडून ते आपोआप निघालं, कारण पंचवीस वर्षं मी हेच उत्तर देतोय. वर्गातल्या मुलींना हेच दिलं, मुलाखतीत हेच दिलं, लग्नाच्या वेळी सासऱ्यांना हेच दिलं. कॉलेजात तुमचं व्याख्यान झालं त्या दिवशी, चहा घेताना बाईंनी विचारलं, तेव्हा तुमच्या समोरही हेच दिलं, आणि तुम्ही मान हलवून म्हणालात, "हाव, मार्क कमी पडले होते." माझे मार्क कमी नव्हते बाबा. गुणपत्रिका मी तुम्हाला कधी नीट दाखवली नाही, आणि तुम्ही मागितली नाही. त्या वर्षी केमिस्ट्रीच्या यादीत माझं नाव वरून नववं होतं. मी ते सोडून इकडं आलो, कारण तुम्ही रोज सकाळी स्वच्छ झारे घासत बसायचे आणि ते मला बघवत नव्हतं. आज त्या माणसानं मान हलवली, अगदी तुमच्यासारखी, आणि त्याच्या मुलानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याला माझं उत्तर पटलं नाही, हे मला दिसलं.

फी भरायला त्यांना सोमवारपर्यंत मुदत आहे. येतील की नाही, माहीत नाही. दोनचा आकडा मी पेन्सिलनं लिहिलाय.

हे पत्र मी कुठं पाठवणार. सकाळी कॉलेजच्या पिशवीत राहील, मग बाईंच्या कपाटात. पोरींच्या विषयाची लाज मला पहिलं वर्षभरच वाटली. तुमच्यासाठी तो विषय घेतला, हे बोलायची लाज मात्र तुम्ही असेपर्यंत गेली नाही, आणि आज दुपारी कळलं की अजून गेलेली नाही.